ईमॅक्सच्या मॅन्युअलमधल्या बारीकसारीक शब्ददुरुस्त्या: कुठे, कशा आणि किती?

अल्पविराम
मंडळी, ईमॅक्स या मजकूर-संपादकाचं मॅन्युअल सलग वाचताना काही जागा खटकतात. कुठे एखादा शब्द लागोपाठ दोनदा येतो, कुठे कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी. कुठे 'किल' शब्द आहे तिथे 'डिलीट' लिहिलं तर नवख्याला सोपं जाईल असं वाटतं. एखाद्या विभागाचं शीर्षक आतल्या मजकुराशी जुळत नाही. तर प्रश्न असे:
या दुरुस्त्या नुसत्या कळवल्या तरी चालतं की पॅच, म्हणजे बदलाची तयार फाइल, लागतो? पाच दुरुस्त्यांचे पाच पॅच करायचे की एकच? कॉपीराइटची कागदपत्रं लागतात का? आणि एका अल्पविरामासाठी एवढी खटपट करणं योग्य आहे का?

निळी_शाई
आयडी सार्थ केलात! :)
नुसतं कळवलं तरी चालतं. ईमॅक्समध्येच मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुतेक कळफलकांवर ऑल्ट) दाबून 'रिपोर्ट-ईमॅक्स-बग' चालवा. आवृत्ती वगैरे माहिती तो आपोआप भरतो. तुम्ही फक्त मॅन्युअलमधल्या नोडचं (म्हणजे त्या विभागाच्या पानाचं) नाव, आत्ताचं वाक्य आणि सुचवलेलं वाक्य एवढं लिहा. पान क्रमांक देऊ नका, तो छापील आणि पीडीएफ प्रतीत वेगळा असतो आणि इन्फोत, म्हणजे ईमॅक्समध्ये वाचायच्या रूपात, नसतोच. नोडचं नाव पुरतं.

कळफलक
त्याच्या आधीची एक पायरी: मजकूर नक्की कुठे राहतो ते शोधा. वाचताना सगळं एकच वाटतं, पण उगम तीन ठिकाणी असू शकतो.

कंट्रोल-एच मग आर दाबल्यावर उघडतं ते मॅन्युअल. त्याचा उगम भांडारातल्या, म्हणजे मूळ कोडच्या साठ्यातल्या, 'डॉक/ईमॅक्स' फोल्डरमधल्या टेक्सइन्फो (मॅन्युअल लिहायची खुणांची भाषा) फाइलींत असतो. लिस्प संदर्भपुस्तिका 'डॉक/लिस्परेफ'मध्ये, आणि ऑर्ग, नूस, ट्रॅम्प वगैरेंची मॅन्युअलं 'डॉक/मिस्क'मध्ये. पण कंट्रोल-एच एफ दाबून एखाद्या कमांडची जी माहिती दिसते ती मॅन्युअलमधून येत नाही. ती त्या फंक्शनच्या आतच डॉकस्ट्रिंग म्हणून लिहिलेली असते, लिस्प फाइलीत नाहीतर सी फाइलीत. तिसरी जागा न्यूज फाइल, म्हणजे आवृत्तीतल्या बदलांची यादी.

एकच चुकीचं विधान बऱ्याचदा मॅन्युअल आणि डॉकस्ट्रिंग दोन्हींत सापडतं. एकच सुधारलं तर दोन मजकूर एकमेकांविरुद्ध बोलायला लागतात आणि वाचणाऱ्याला कोणाचं खरं ते कळत नाही. म्हणून खटकलेल्या वाक्यातले दोनतीन ठळक शब्द घेऊन सगळ्या भांडारात ग्रेप (शब्द शोधायची आज्ञा) मारा. अख्खं वाक्य शोधू नका, उगमात ते दोन ओळींत तुटलेलं असलं की सापडत नाही.

मु_पो_सातारा
निळी शाई, कळवलं तरी चालतं हे बरोबर, पण पॅच दिला तर समोरच्याचं काम निम्मं होतं. नुसतं वाक्य कळवलं की कुणीतरी ते शोधायचं, बदलायचं, कमिट संदेश (बदलाच्या नोंदीसोबतचा मजकूर) लिहायचा. पॅच लावायला एक आज्ञा पुरते.

पॅचची वाट अशी. सव्हाना या संकेतस्थळावरून भांडार क्लोन करा, म्हणजे गिटने प्रत उतरवून घ्या. अख्खा इतिहास लय मोठा आहे, दुरुस्तीपुरता डेप्थ १ चा उथळ क्लोन बास. क्लोन करतानाच शाखा निवडा, कारण बरेच जण इथंच चुकतात: मॅन्युअलच्या दुरुस्त्या चालू प्रकाशनाच्या शाखेवर करायच्या, मास्टर या विकासाच्या शाखेवर नाही. म्हणजे ३० ची आवृत्ती चालू असेल तर 'ईमॅक्स-३०' ही शाखा. तिथून बदल नंतर मास्टरमध्ये विलीन होतात. जो मजकूर फक्त मास्टरवरच आहे, म्हणजे नव्या सोयीबद्दलचा, तो तेवढा मास्टरवर.

मग बदल, कमिट, आणि 'गिट फॉरमॅट-पॅच -१'. जी फाइल तयार होईल ती मेलला जोडा. मेलच्या मजकुरात चिकटवू नका. बरेच मेल प्रोग्रॅम लांब ओळी मोडतात आणि टॅबच्या जागी स्पेस घालतात, मग पॅच लागत नाही.

अजून एक. पहिला मेल बग-ग्नू-ईमॅक्स यादीला गेला की डेबबग्ज या बग-नोंदणी व्यवस्थेकडून क्रमांक येतो. त्यानंतरचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकाच्या पत्त्यावरच. सुधारित पॅच पुन्हा यादीच्या पत्त्यावर नवा मेल म्हणून टाकला की दुसरा बग तयार होतो, आणि चर्चा दोन ठिकाणी फाटते.

नीरक्षीर
'किल'च्या जागी 'डिलीट'ची सूचना मात्र कृपया पाठवू नका. भाषा सोपी करण्याच्या नादात अर्थ बदलतो याचं हे नेमकं उदाहरण आहे.

ईमॅक्समध्ये किल केलेला मजकूर किल रिंगमध्ये साठतो आणि यँक, म्हणजे पेस्ट, करून परत आणता येतो. डिलीट केलेला तिथे जात नाही. कंट्रोल-के ओळीचा उरलेला भाग किल करतो, मेटा-डी शब्द किल करतो. कंट्रोल-डी मात्र एक अक्षर डिलीट करतो. मॅन्युअलमध्ये या फरकासाठी वेगळा विभाग आहे, 'किलिंग' फाइलीत सुरुवातीलाच. तुमचा बदल स्वीकारला गेला तर मॅन्युअल त्या कमांडबद्दल चुकीची माहिती देईल.

असेच ठरलेले शब्द आणखी आहेत. 'पॉइंट' आणि 'कर्सर' एक नाहीत: कर्सर एका अक्षरावर दिसतो, पॉइंट त्या अक्षराच्या आधीच्या फटीत असतो. एक पॉइंट प्रत्येक बफरला (संपादनासाठी स्मृतीत घेतलेल्या मजकुराला) असतो, कर्सर पडद्यावर दिसतो. फाइल 'उघडत' नाहीत, 'व्हिजिट' करतात. 'सेव्ह' बफर होतो, फाइलीत. हा शब्दसाठा मॅन्युअलच्या शेवटी ग्लॉसरी नोडमध्ये दिलेला आहे. शब्द बदलण्याआधी तो तिथे आहे का ते पाहायचं. असेल तर हात लावायचा नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ईमॅक्स ज्या प्रकल्पाचा भाग आहे त्या ग्नूच्या लेखन-संकेतांत काही शब्द मुद्दाम टाळलेले आहेत. फाइलीच्या नावाला 'पाथनेम' म्हणत नाहीत, 'फाइल नेम' असे दोन शब्द लिहितात. 'पाथ' फक्त शोधमार्गासाठी राखलेला. चुकीच्या इनपुटला 'इललीगल' म्हणत नाहीत, 'इनव्हॅलिड' म्हणतात. मॅन्युअलमध्ये यातला एखादा शब्द चुकून राहिलेला दिसला तर ती दुरुस्ती छोटी असून भक्कम आहे, कारण तिच्या मागे लिखित नियम आहे.

खारूताई
विंडो आणि फ्रेम राहिलं की नीरक्षीर! ज्याला बाकीचं जग खिडकी म्हणतं ती इथे फ्रेम, आणि तिच्या आतला कप्पा म्हणजे विंडो. हे 'सुधारून' देणारे दर काही महिन्यांनी येतात.

अल्पविराम
नीरक्षीर, पटलं. ती सूचना यादीतून काढली.
आता एक बारीक शंका. शब्द बदलला की ओळ लांब होते किंवा आखूड पडते. परिच्छेद मेटा-क्यूने पुन्हा भरून, म्हणजे ओळी सारख्या लांबीच्या करून, घ्यायचा का?

कळफलक
नाही! टेक्सइन्फोचा उगम कसाही तुटका असला तरी इन्फो, एचटीएमएल आणि पीडीएफ बनताना परिच्छेद पुन्हा भरला जातो. उगमातल्या ओळीची लांबी वाचकाला कधीच दिसत नाही. पण तुम्ही परिच्छेद भरला की डिफमध्ये (जुन्या-नव्यातल्या फरकात) आठ ओळी बदललेल्या दिसतात आणि त्यांतला एक बदललेला शब्द शोधायला तपासणाऱ्याला सगळं वाचावं लागतं. ओळ फारच लांब झाली तर तेवढ्याच ठिकाणी मोडा, पुढच्या ओळी तशाच ठेवा.

पाठवण्यापूर्वी 'गिट डिफ'ला 'वर्ड-डिफ' पर्याय देऊन पाहा, शब्दागणिक बदल दिसतो. 'चेक' पर्याय दिला की ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागाही कळतात.

वाक्याच्या शेवटी दोन स्पेस असतात, त्या एक करू नका. ईमॅक्सच्या दस्तऐवजांचा तो नियम आहे, कारण मेटा-ई ने पुढच्या वाक्यावर उडी मारताना मूळ सेटिंगमध्ये दोन स्पेसवरूनच वाक्याचा शेवट ओळखला जातो. संक्षेपानंतर टिंब आलं आणि वाक्य संपलं नसेल तर टिंबानंतर @: लिहितात, नाहीतर छापील प्रतीत तिथे वाक्य संपल्याइतकी रुंद मोकळी जागा पडते. उलट वाक्य मोठ्या लिपीतल्या अक्षराने संपत असेल, समजा 'ग्नू'च्या रोमन आद्याक्षरांनी, तर साध्या टिंबाऐवजी @. लिहायचं. तिथे टेक्स (छापील प्रत जुळवणारा प्रोग्रॅम) त्याला आद्याक्षर समजून वाक्य संपलंच नाही असं धरतो.

आणि हो, स्पेलिंग अमेरिकन. ब्रिटिश वळणाची 'दुरुस्ती' पाठवाल तर परत येईल.

दौतटाक
परिच्छेद भरू नका हा सल्ला ईमॅक्सपुरता. व्हिम या दुसऱ्या संपादकाच्या लोकांनी तो उचलू नये, कारण व्हिमची मदत-फाइल ही साधी मजकूर-फाइल असते आणि वाचकाला ती जशी लिहिली तशीच्या तशी दिसते. तिथे ओळ ७८ स्तंभांत बसवावी लागते, म्हणून परिच्छेद भरणं हा दुरुस्तीचाच भाग.

व्हिमच्या फाइली 'रनटाइम/डॉक'मध्ये असतात. 'यूएसआर' ने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे वापरपुस्तिका, बाकीच्या संदर्भपुस्तिका. दोन्हींचा सूर वेगळा आहे. वापरपुस्तिका शिकवते, पायरीपायरीने जाते, एखादी बारकी अट सोडूनही देते. संदर्भपुस्तिका एकही अट सोडत नाही. वापरपुस्तिकेत 'हे अपुरं आहे' म्हणून संदर्भातले सगळे अपवाद कोंबले तर तो धडा वाचनीय राहत नाही. तिथे संदर्भाकडे जाणारा दुवा द्यावा.

आता काय काय बिघडतं ते. मदत-फाइलीत उभ्या रेघांमध्ये दुवा असतो, ताऱ्यांमध्ये त्या दुव्याचं ठिकाण, एकेरी अवतरणात सेटिंगचं नाव. कन्सील (खुणा लपवण्याची सोय) चालू असलं तर रेघा आणि तारे दिसत नाहीत, आणि टॅब लावून जुळवलेले तक्ते एकदोन स्तंभ सरकल्यासारखे वाटतात. मग माणूस ते 'नीट' करतो आणि खरोखरचे बिघडवतो. आधी कन्सीललेव्हल शून्य करा. टॅबची रुंदी ८, टॅबच्या जागी स्पेस नाहीत. फाइलीच्या शेवटच्या ओळीतल्या मोडलाइनमध्ये हे लिहिलेलंच असतं.

उदाहरणाचा भाग ओळीच्या शेवटच्या 'पेक्षा मोठे' चिन्हाने सुरू होतो आणि पहिल्या स्तंभातल्या 'पेक्षा लहान' चिन्हाने किंवा समासाला लागून आलेल्या मजकुराने संपतो. परिच्छेद भरताना ते चिन्ह वरच्या ओळीत ओढलं गेलं की उदाहरणाचं रंगकाम पुढच्या सगळ्या मजकुरावर पसरतं. भरताना फक्त तेवढाच परिच्छेद निवडून जीक्यू चालवा, उदाहरण निवडीत घेऊ नका.

फाइलीच्या पहिल्या ओळीत 'लास्ट चेंज' तारीख असते, ती बदला. मग 'व्हिमरनटाइम' हे पर्यावरण-चल तुमच्या क्लोनच्या रनटाइम फोल्डरकडे वळवून व्हिम उघडा, 'हेल्पटॅग्ज' (दुव्यांची सूची बनवणारी आज्ञा) चालवा आणि सुधारलेलं पान प्रत्यक्ष पाहा. एकच टॅग (दुव्याचं ठिकाण) दोनदा आला तर ई१५४ ही त्रुटी येते. ताऱ्यांमधला मजकूर नकळत दुसरीकडे चिकटवला गेला की हीच दिसते.

पॅच गिटहबवर जातो, शीर्षक 'रनटाइम(डॉक):' ने सुरू. कॉपीराइटचा करार करावा लागत नाही.

सर्किट
सगळं खरं. पण मूळ प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर कुणी देईना. एका अल्पविरामासाठी देखभाल करणाऱ्याचा वेळ घेणं योग्य आहे का? त्याने मेल उघडायचा, शाखा बघायची, पॅच लावायचा, मॅन्युअल बांधायचं, बदल भांडारात ढकलायचा, बग बंद करायचा. तेवढ्या वेळात खरा बग सुटला असता. अर्थाला धक्का न लावणारा विरामचिन्हाचा दोष जसा आहे तसा राहू द्यावा असं माझं ठाम मत आहे.

नीरक्षीर
सर्किट, अर्धं मान्य. आवडीनिवडीच्या बदलांना माझाही विरोध आहे. 'हे असं जास्त छान वाटतं' एवढंच कारण असेल तर पाठवू नये. पण विरामचिन्ह म्हणजे अर्थ नाही हे मान्य नाही.

मॅन्युअलमधलं एक नेहमीचं वळण घ्या (प्रीफिक्स आर्ग्युमेंट म्हणजे कमांडच्या आधी दिलेली जादा सूचना): 'प्रीफिक्स आर्ग्युमेंट दिलं तर ही कमांड विचारते आणि सेव्ह करते'. इथे सेव्ह करणं त्या अटीखाली आहे की नेहमीच होतं? इंग्रजीत एक अल्पविराम इकडचा तिकडे झाला की उत्तर बदलतं. 'ओन्ली' हा शब्द वाक्यात कुठे बसलाय त्यावरून कमांड फक्त एकाच बफरवर चालते की त्या बफरवर फक्त एकच गोष्ट करते ते ठरतं. 'कॅन', 'शुड', 'मस्ट' यांत तर सरळसरळ वचनच बदलतं. अशा जागी दुरुस्ती करणारा व्याकरणाच्या बळावर निर्णय घेऊ शकत नाही. त्याला ती कमांड चालवून पाहावी लागते.

म्हणून माझी पद्धत सांगतो: ईमॅक्स 'क्यू मोठी' म्हणजे -Q पर्याय देऊन उघडायचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या सेटिंगचा रंग लागत नाही. वाक्यात जे लिहिलंय ते अक्षरशः करून बघायचं. प्रीफिक्ससह, प्रीफिक्सविना, रिकाम्या बफरमध्ये, फक्त-वाचण्याच्या बफरमध्ये. वाक्य आणि वागणूक जुळत नसेल तर दोन शक्यता: मजकूर चुकलाय किंवा प्रोग्रॅम. दुसरी शक्यता खरी निघाली तर मजकूर बदलून बग झाकला जातो. अशा वेळी पॅच न पाठवता बग म्हणूनच कळवायचं.

सर्किट
हा मुद्दा घेतला. वागणूक तपासून आलेला अल्पविराम मला चालेल. दोनदा छापलेल्या शब्दाबद्दल मात्र अजूनही म्हणतो, एकेक करून पाठवू नका.

मु_पो_सातारा
एकेक नकोच. एका जातीच्या दुरुस्त्या एका पॅचमध्ये. टंकनदोष आणि व्याकरण एकत्र चालतील, त्यावर कुणी वाद घालत नाही, लगेच लागतात. अर्थाला हात लावणारी प्रत्येक दुरुस्ती वेगळी, कारण तिच्यावर चर्चा होणार. सगळं एकाच पॅचमध्ये बांधलं की वादातल्या एका वाक्यापायी निर्विवाद चार अडकून पडतात.

रेघोटी
थोडं विषयांतर, पण मराठीशी संबंध आहे. केडीईच्या केट संपादकाची पुस्तिका डॉकबुकमध्ये आहे आणि तिचं भाषांतर पीओ फाइलींतून (मूळ मजकूर आणि भाषांतर यांच्या जोड्यांच्या फाइली) होतं. तिथे एकेक परिच्छेद म्हणजे एकेक भाषांतर-नोंद. मूळ इंग्रजी परिच्छेदात एक अल्पविराम हलला तरी गेटटेक्स्ट या भाषांतर-प्रणालीच्या लेखी तो नवा मजकूर. जुनं भाषांतर 'फझी' ठरतं, आणि कुणी माणूस तपासून ती खूण काढत नाही तोवर वापरलं जात नाही. म्हणजे इंग्रजीतली एक नगण्य दुरुस्ती एकाच वेळी सगळ्या भाषांमधला तो परिच्छेद पुन्हा इंग्रजीत आणते. मोठ्या चमूच्या भाषा दोन दिवसांत भरून काढतात. मराठीसारख्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भाषांतरकार असलेल्या भाषेत तो परिच्छेद वर्षभर इंग्रजीत राहू शकतो.

दुरुस्ती करूच नका असं मी म्हणत नाहीये. स्थिर शाखेत मजकूर गोठवलेला असतो तेव्हा ती करू नये, विकासाच्या शाखेत करावी, आणि एकाच परिच्छेदात तीन दुरुस्त्या असतील तर एकदमच कराव्यात. तीन वेळा फझी होण्यापेक्षा एकदा झालेलं बरं. मेनूतल्या आणि संदेशांतल्या शब्दांनाही हेच लागू.

सर्किट
रेघोटी, हा माझ्या बाजूचा मुद्दा आहे, आणि मला तो माहीत नव्हता. धन्यवाद.

कळफलक
ईमॅक्सचं इंग्रजी मॅन्युअल गेटटेक्स्टवर नाही, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. पण व्हिममधून निघालेल्या निओव्हिमबद्दल याच धर्तीचं एक सांगायला हवं. तिथल्या 'रनटाइम/डॉक'मधल्या काही फाइली हाताने लिहिलेल्या नाहीत, उगमातल्या टिप्पण्यांतून तयार होतात. सेटिंगची माहिती, एपीआय, लुआ मॉड्यूलं ही त्यांतली. तयार झालेली मजकूर-फाइल दुरुस्त केली तर पुढच्या वेळी ती फाइल बनताना दुरुस्ती पुसली जाते. मूळ लुआ किंवा सी फाइलीत बदल करून 'मेक डॉक' चालवायचं आणि दोन्ही एकत्र पाठवायच्या. जो मजकूर मूळ व्हिममधूनच आलेला आहे तो आधी व्हिमकडे दुरुस्त करावा, तिथून निओव्हिममध्ये येतो.

दौतटाक
बरोबर. आणि कुणीही 'यूएसआर/शेअर'खालच्या स्थापित प्रतीत बदल करून तिचा डिफ पाठवू नये. ती प्रत जुनी असते. भांडारात ते वाक्य कदाचित आधीच सुधारलेलं असतं, शिवाय पॅकेज अद्ययावत झालं की तुमचा बदल जातोच.

मु_पो_सातारा
अल्पविरामराव, शीर्षक मजकुराशी जुळत नाही म्हणालात, त्याबद्दल जपून. टेक्सइन्फोत नोडचं नाव आणि विभागाचं शीर्षक या दोन वेगळ्या ओळी असतात. शीर्षक, म्हणजे @सेक्शनची ओळ, बिनधास्त बदला. नोडचं नाव बदललं की वरच्या नोडमधला मेनू, 'ईमॅक्स' या मुख्य टेक्सइन्फो फाइलीतला तपशीलवार मेनू, त्या नोडकडे जाणारा प्रत्येक संदर्भ आणि दुसऱ्या मॅन्युअलांतले संदर्भ, सगळं बदलावं लागतं. शिवाय जाळ्यावरच्या पानाचा पत्ता नोडच्या नावावरूनच बनतो, त्यामुळे बाहेरच्यांनी दिलेले जुने दुवे तुटतात. नाव बदलणं अगदीच भाग असेल तर जुन्या नावाचा @अँकर (दुवा पोचायची खूण) त्याच जागी ठेवा, म्हणजे जुने संदर्भ चालत राहतात. निव्वळ शब्ददुरुस्तीसाठी नोडला हात लावू नये असं माझं मत.

संदर्भांचंही सांगतो, कारण वाक्यरचना बदलताना हे हमखास बिघडतं. @एक्सरेफ स्वतःच 'सी' (म्हणजे 'पाहा') हा शब्द मोठ्या अक्षराने आणतो. म्हणून तो वाक्याच्या सुरुवातीलाच, आणि त्याच्यापुढे टिंब किंवा स्वल्पविराम. @पीएक्सरेफ कंसातल्या मजकुरासाठी, तो 'सी' लहान अक्षराने आणतो. @रेफ वाक्याच्या पोटात. कुणी 'सी' लिहून पुढे @एक्सरेफ ठेवलं की वाचकाला तो शब्द दोनदा दिसतो. मॅन्युअलमध्ये 'सी सी' असा दोनदा छापलेला शब्द दिसला तर नुसता एक खोडून भागत नाही, संदर्भाची आज्ञा बदलावी लागते.

खारूताई
एक सुचवू का? कित्येकदा वाक्य ठीक असतं, पण ते सापडत नाही. इन्फोमध्ये आय दाबून वाचक सूचीत शब्द शोधतो. तो ज्या शब्दाने शोधेल तो सूचीत नसेल तर @सीइंडेक्सची एक ओळ घाला, परिच्छेदाच्या आधी, लहान अक्षरांत. ज्यांना 'किल' माहीत नाही, जे 'कट' किंवा 'पेस्ट' शोधतात, त्यांच्यासाठी आधी सूचीत तो शब्द आहे का बघा. अल्पविरामांची 'डिलीट'वाली अडचण अशीच सुटते: मजकुरातला ठरलेला शब्द कायम राहतो आणि नवख्याला वाटही सापडते.

नीरक्षीर
खारूताई, हे माझ्या सगळ्या लांबलचक प्रतिसादापेक्षा उपयोगी आहे.

निळी_शाई
कागदपत्रांचं राहिलं. ईमॅक्सचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे असतो, म्हणून मोठ्या योगदानासाठी हक्क त्यांच्या नावे करावे लागतात. साधारण १५ ओळींपेक्षा कमी बदलाला ते लागत नाही. कमिट करणारा माणूस संदेशाच्या शेवटी 'कॉपीराइट-पेपरवर्क-एक्झेम्प्ट: येस' अशी ओळ घालतो. मात्र या ओळी साठत जातात: दहा ओळींचे तीन पॅच वेगवेगळ्या महिन्यांत पाठवले तरी हिशेब तीसचा. एकच दोष वीस ठिकाणी तसाच्या तसा बदलला तर तो वीस ओळींचा धरत नाहीत, कारण त्यात नवं लेखन नाही. नियमित दुरुस्त्या करायचा विचार असेल तर हक्कपत्र आधीच करून ठेवलेलं बरं. त्याला वेळ लागतो, आणि तोवर चांगला पॅच थांबून राहतो.

अल्पविराम
सर्वांचे आभार. यादी आता अशी उरली: दोनदा छापलेला शब्द, कर्ता-क्रियापद, आणि एका विभागाचं शीर्षक. या तिन्ही एका पॅचमध्ये. अटीचा अर्थ दोन प्रकारे लागणारं एक वाक्यही सापडलं, ते -Q ने तपासून वेगळ्या पॅचमध्ये. 'डिलीट'च्या जागी सूचीची नोंद.
पहिल्या पॅचचा कमिट संदेश असा लिहिलाय, बघून सांगा:

फिक्स्ड सम टायपोज अँड ग्रामर इन द ईमॅक्स मॅन्युअल चॅप्टर ऑन किलिंग.
* किलिंग.टेक्सी: टायपोज.

कळफलक
पाच गोष्टी. पहिली ओळ आज्ञार्थी हवी, 'फिक्स्ड' नाही, 'फिक्स'. तिच्या शेवटी टिंब नको. ती ५० अक्षरांच्या आसपास ठेवा, ७८ ची मर्यादा ओलांडली तर गिटचा हुकच (कमिट तपासणारी स्क्रिप्ट) कमिट नाकारतो. ऑटोजेन स्क्रिप्टला 'गिट' हा शब्द देऊन चालवली की ते हुक बसतात. पहिल्या ओळीनंतर एक ओळ रिकामी. आणि फाइलीचा मार्ग भांडाराच्या मुळापासून, कंसात नोडचं नाव:

फिक्स वर्डिंग इन ईमॅक्स मॅन्युअल

* डॉक/ईमॅक्स/किलिंग.टेक्सी (डिलीशन): फिक्स टायपो.

एकाच फाइलीतले तीन नोड असतील तर तीन कंस. भांडाराच्या मुळाशी 'कॉन्ट्रिब्यूट' नावाची फाइल आहे, हे सगळं तिथे आहे.

मु_पो_सातारा
पाठवायच्या आधी बांधून बघा मात्र. ऑटोजेन, कॉन्फिगर, मग 'मेक इन्फो'. कॉन्फिगर टाळता येत नाही, कारण आवृत्ती क्रमांकाची एक छोटी टेक्सइन्फो फाइल तेच तयार करतं आणि मॅन्युअल ती आत ओढतं. यंत्रावर टेक्सइन्फो पॅकेज हवं. मग कंट्रोल-यू कंट्रोल-एच आय दाबून तुमच्या क्लोनच्या इन्फो फोल्डरमधली फाइल उघडा, नाहीतर स्थापित जुनीच प्रत उघडते आणि बदल झालाच नाही असं वाटतं. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल तर मेकइन्फो ओळ क्रमांकासह ओरडतं, पण तो क्रमांक कधी कधी बराच पुढचा असतो. तुम्ही हात लावलेल्या ओळीपासून बघायला सुरुवात करा.

अल्पविराम
तपासताना लक्षात आलं, अटीचं ते वाक्य त्या कमांडच्या डॉकस्ट्रिंगमध्येही तसंच आहे. तेही त्याच पॅचमध्ये घेऊ?

कळफलक
हो, दोन्ही एकत्र. डॉकस्ट्रिंगची पहिली ओळ स्वतःपुरतं पूर्ण वाक्य राहिली पाहिजे, कारण अप्रोपोस या शोध-कमांडच्या यादीत तेवढीच दिसते. ७४ स्तंभांच्या आत ठेवा. आर्ग्युमेंटांची नावं मोठ्या अक्षरांत. इथे मात्र परिच्छेद हाताने नीट मोडा, डॉकस्ट्रिंग वाचकाला जशी आहे तशी दिसते. शेवटी मेटा-एक्स 'चेकडॉक' चालवा. तो त्या फाइलीतले इतर जुने दोषही दाखवेल, ते या पॅचमध्ये घेऊ नका.